पाण्यात तेल हलवून रूम स्प्रे होत नाही

घरच्या घरी रूम स्प्रे करण्याची एक कृती सध्या हातोहात फिरते आहे. १०० मिली पाणी घ्या, त्यात सुगंधी तेलाचे वीस थेंब टाका, चिमूटभर मीठ किंवा चमचाभर व्होडका घाला, बाटली हलवा आणि फवारा. खाली ठळक अक्षरांत सूचना असते: सोल्युबिलायझरची, म्हणजे तेल पाण्यात सामावून घेणाऱ्या पदार्थाची, काही गरज नाही, ते कंपन्यांनी माथी मारलेलं केमिकल आहे, त्याने वास मरतो, आणि तेल नैसर्गिक असल्यामुळे हा स्प्रे कित्येक महिने टिकतो.

यातली वास मरण्याची गोष्ट अर्धी खरी आहे. टिकण्याची गोष्ट मात्र धोक्याची आहे. घरी स्प्रे करणं हा चांगला उद्योग आहे, आणि म्हणूनच हा मजकूर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. एकेक दावा घेऊ.

‘बाटली हलवली की तेल पाण्यात मिसळतं’

मिसळल्यासारखं दिसतं, हे खरं. जोरात हलवलं की तेलाचे बारीक थेंब होतात आणि पाणी दुधाळ होतं. पण हे थेंब एकमेकांना चिकटत मोठे होतात, वर येतात आणि थोड्याच वेळात तवंग धरतो. तेल विरघळतं तरी किती, याचा हिशोब करून पाहा. संत्र्याच्या सालीच्या तेलात मुख्यतः लिमोनीन असतं. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात ते जेमतेम १४ मिलिग्रॅम विरघळतं, म्हणजे १०० मिलीत १.४ मिलिग्रॅम. वीस थेंब म्हणजे साधारण १ मिली, वजनाने सुमारे ८४० मिलिग्रॅम. पाण्याला पेलवेल त्याच्या सहाशे पट तेल आपण बाटलीत ओतलेलं असतं. हात दुखेपर्यंत हलवलं तरी हा आकडा बदलत नाही.

‘पण पाण्याला वास तर येतो!’ हे त्यावर हमखास येणारं उत्तर. येतोच. सुगंधी तेल हा एकच पदार्थ नसतो, त्यात अनेक घटक असतात. लॅव्हेंडरमधलं लिनालूल लिटरमागे सुमारे दीड ग्रॅम विरघळतं. गुलाबाच्या वासातलं फिनाइलइथाइल अल्कोहोल त्याहून कितीतरी जास्त, गुलाबपाण्याला सुगंध असतो तो बराचसा त्याच्यामुळे. म्हणजे तेलातले पाण्याशी जमणारे घटक पाण्यात उतरतात आणि बाकीचे वर तरंगत राहतात. तुम्ही पसंत केलेला पूर्ण वास त्या पाण्यात नसतो.

आता स्प्रेच्या बाटलीची रचना लक्षात घ्या. तिची नळी तळापर्यंत जाते आणि बहुतेक सुगंधी तेलं पाण्याहून हलकी असल्याने वर राहतात. त्यामुळे सुरुवातीचे फवारे जवळजवळ पाण्याचेच असतात, आणि बाटली संपत आली की नळीत शिरतं ते निव्वळ तेल. लवंगेचं तेल पाण्याहून जड, ते तळाशी बसतं, तिथे पहिलाच फवारा तेलाचा निघतो. आपण मोजून एक टक्का तेल घातलेलं असतं, पण एखाद्या फवाऱ्यात ते शून्याच्या जवळ असतं आणि एखाद्यात पन्नास टक्केही असू शकतं. असे न विरघळलेले थेंब लाकडी फर्निचरच्या पॉलिशवर डाग पाडतात. लिमोनीन तर पॉलिस्टायरीनसारखं (थर्माकोल ज्याचा बनतो ते) प्लॅस्टिक विरघळवतं. त्वचेवर किंवा डोळ्यांत असा थेंब उडाला तर आग होते, आणि हवेशी संयोग होऊन जुनं झालेलं लिमोनीन किंवा लिनालूल त्वचेची ॲलर्जी निर्माण करू शकतं, हे चांगलं माहीत असलेलं आहे.

‘दर वेळी हलवून वापरू’ म्हणाल, तर त्याने थोडा फरक पडतो. पण थोडाच. हलवून फवारेपर्यंत थेंब पुन्हा गोळा व्हायला लागलेले असतात, आणि घरातल्या प्रत्येकाने प्रत्येक वेळी नीट हलवावं ही अपेक्षा फार झाली.

‘चिमूटभर मीठ किंवा खायचा सोडा घातला की तेल पाण्यात उतरतं’

नेमकं उलटं होतं. मीठ पाण्यात विरघळताना पाण्याचे रेणू स्वतःभोवती धरून ठेवतं, त्यामुळे तेलासाठी उरलीसुरली सोयही कमी होते. प्रयोगशाळेत पाण्यातून सेंद्रिय पदार्थ बाहेर काढायचे असतात तेव्हा मुद्दाम मीठ घालतात. कोरड्या मिठावर तेल टाकलं की ते खड्यांवर पसरतं आणि मिसळल्याचा भास होतो, पण खडे विरघळताच ते सुटून वर येतं. शिवाय स्प्रेच्या तोंडाशी मीठ सुकलं की ते बुजतं ते वेगळंच.

‘चमचाभर व्होडका पुरते’

अल्कोहोल सुगंधी तेलं विरघळवतं यात शंका नाही, परफ्यूमच्या बाटल्या त्यावरच भरतात. प्रश्न प्रमाणाचा आहे. व्होडकात साधारण ४० टक्के अल्कोहोल असतं. मोठा चमचा म्हणजे १५ मिली धरली तर त्यात ६ मिली अल्कोहोल, आणि १०० मिलीच्या बाटलीत ते उरतं ६ टक्के. एवढ्याने तेल विरघळत नाही. पाणी वाढलं की अल्कोहोलची पकड कशी सुटते ते ऊझो या मद्यात उघड दिसतं. बाटलीत ते नितळ असतं, पण ग्लासात पाणी घातलं की त्यातलं बडीशेपेच्या वासाचं ॲनेथोल बाहेर पडतं आणि सगळं दुधाळ होतं.

सोल्युबिलायझरशिवायच स्प्रे करायचा असेल तर एक खरा मार्ग आहे: ७० ते ९० टक्के तीव्रतेचं, सुगंधी द्रव्यांसाठी योग्य अल्कोहोल वापरायचं आणि पाणी जवळजवळ टाळायचं. पण असा द्रव पटकन पेट घेतो. नुसती ४० टक्क्यांची व्होडकाही साधारण २६ अंश सेल्सिअसला पेट घेण्याजोगी वाफ सोडते. दिवा, मेणबत्ती, उदबत्ती, शेगडी यांच्या आसपास तो फवारायचा नाही, ही अट त्याच्यासोबत लिहिलीच पाहिजे. फिरणाऱ्या मजकुरात ती कधी नसते. आणि ग्लिसरीन? ते पाण्यात छान मिसळतं, पण तेलाला धरत नाही.

‘सोल्युबिलायझर म्हणजे विनाकारण घातलेलं केमिकल’

आधी ते करतं काय ते पाहू. पॉलिसॉर्बेट २० हा घरगुती स्प्रेसाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा सोल्युबिलायझर. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाकडे ओढ घेतं, दुसरं पाण्याकडे. पाण्यात पुरेसे रेणू जमले की ते आपोआप गोल करतात, तेलप्रेमी टोकं आत आणि पाणीप्रेमी टोकं बाहेर. या बारीक गोळ्यांना मिसेल म्हणतात. सुगंधी तेलाचे रेणू त्यांच्या आत सामावतात. रिकामा गोळा १० नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आसपास असतो, तेल भरल्यावर थोडा फुगतो. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरी ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या, त्यामुळे इतके लहान गोळे प्रकाश फारसा विखुरत नाहीत आणि द्रव नितळ दिसतो. तो नितळपणा हीच आपली चाचणी. द्रव गढूळ दिसला, तर थेंब मोठे आहेत आणि कधी ना कधी वेगळे होणार.

विल्यम ग्रिफिन यांनी १९४९ मध्ये अशा रेणूंचा कल मोजणारी एचएलबी ही मोजपट्टी मांडली. तिच्यावर कमी आकडा म्हणजे तेलाकडे कल, जास्त म्हणजे पाण्याकडे. पॉलिसॉर्बेट २० चा आकडा १६.७, पॉलिसॉर्बेट ८० चा १५. लेसिथिन किंवा इमल्सिफायिंग वॅक्स घालून बघणाऱ्यांना नितळ स्प्रे मिळत नाही, त्याचं कारण सोपं आहे. ते पदार्थ दुधाळ मिश्रण करण्यासाठी आहेत, त्यांचं काम वेगळं.

आता सुरक्षिततेकडे. पॉलिसॉर्बेट २० हे सॉर्बिटॉल, खोबरेल किंवा पामच्या बियांतल्या गराच्या तेलातून मिळणारं लॉरिक आम्ल आणि इथिलीन ऑक्साइड यांपासून बनतं. खाद्यपदार्थांत याला ई४३२ आणि पॉलिसॉर्बेट ८० ला ई४३३ हे क्रमांक आहेत, आणि ८० काही लशींतही असतं. विरोध करणारे एक मुद्दा मांडतात तो खोटा नाही: बनवण्याच्या प्रक्रियेत १,४-डायॉक्सेन हा नको असलेला पदार्थ अल्प प्रमाणात तयार होतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या संस्थेने तो ‘मानवात कर्करोग घडवण्याची शक्यता’ या गटात ठेवला आहे. चांगले उत्पादक निर्वात प्रक्रियेने तो काढून टाकतात. म्हणून विश्वासू पुरवठादाराकडून, शुद्धतेच्या प्रमाणपत्रासह माल घ्यावा. पण ‘केमिकल नको’ म्हणून निव्वळ तेलाचे थेंब डोळ्यांत आणि त्वचेवर उडू देणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

‘त्याने वास मरतो’

हा अर्धा खरा दावा. मिसेलमध्ये बसलेलं तेल मोकळ्या तेलाइतक्या सहज हवेत जात नाही, त्यामुळे सोल्युबिलायझर फार झालं की वास खरंच दबतो. त्याशिवाय फेस येतो, फरशी निसरडी होते, काचेवर चिकट थर बसतो. त्यामुळे गरजेपुरतंच घ्यायचं, आणि गरज प्रत्येक तेलाची वेगळी असते. एक भाग तेलाला किती भाग सोल्युबिलायझर, याचा ‘एकास एक’ किंवा ‘एकास चार’ असा एकच आकडा सगळ्यांना सांगणारी कृती मला पटत नाही. लिंबूवर्गीय आणि राळेसारखी जड तेलं जास्त मागतात, डायप्रोपिलीन ग्लायकोल या द्रावकात पातळ केलेली फ्रेग्रन्स ऑइल्स (तयार केलेली सुगंध-मिश्रणं) बरीच कमी. तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात पातळ केलेलं सुगंधी तेल मात्र स्प्रेसाठी घेऊच नका, त्याला लागणारं प्रमाण परवडत नाही.

गरज शोधायची ती अशी. थेंब मोजू नका, वजन करा, दशांश ग्रॅम दाखवणारा साधा काटा चालतो. एक ग्रॅम तेलात एक ग्रॅम पॉलिसॉर्बेट २० घालून आधी ते दोन्ही नीट ढवळा. मग त्यात डिस्टिल्ड पाणी थोडं थोडं घाला. हा क्रम महत्त्वाचा आहे: तेल आधी पाण्यात टाकलं आणि मग सोल्युबिलायझर ओतलं तर जास्त लागतं आणि तरीही द्रव बऱ्याचदा गढूळ राहतो. पूर्ण पाणी घातल्यावर नितळ राहिलं तर काम झालं. नाही राहिलं तर नवा छोटा नमुना करून एकास दोन, मग एकास तीन असं वाढवत जा. जे प्रमाण नितळ दिसेल ते दोन-तीन दिवस ठेवून बघा, थंडीत आणि उबेत दोन्हीकडे. एकास चारच्या पुढेही गढूळ राहणारं तेल पाण्याच्या स्प्रेसाठी योग्य नाही, त्याचा हट्ट सोडावा.

‘तेल नैसर्गिक आहे, खराब होत नाही’

तेल लवकर सडत नाही, हे मान्य. सडतं ते पाणी. इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतीतून काढलेलं सुगंधी तेल, जंतू मारतं असं म्हणून लोक निश्चिंत राहतात, पण तेल वर तरंगत असताना जंतू खाली पाण्यात असतात. सोल्युबिलायझर घातलं तरी तेलाचा मोठा भाग मिसेलच्या आत बांधलेला राहतो. उकळलेलं पाणीही फार दिवस पुरत नाही, हात, बाटली, नळी यांतून जंतू पुन्हा येतात. आणि हा द्रव आपण बारीक तुषार करून श्वासात घेतो.

२०२१ मध्ये अमेरिकेत चार वेगवेगळ्या राज्यांतल्या चार जणांना मेलिऑयडोसिस हा जिवाणूमुळे होणारा गंभीर आजार झाला, त्यांपैकी दोघांचा मृत्यू झाला. तिथल्या सीडीसी या रोगनियंत्रण करणाऱ्या सरकारी संस्थेने माग काढला तेव्हा एका रुग्णाच्या घरातल्या लॅव्हेंडर-कॅमोमाइल रूम स्प्रेमध्ये बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय हा जिवाणू सापडला आणि ऑक्टोबरमध्ये तो माल परत मागवला गेला. ते कारखान्यातलं उत्पादन होतं आणि हा जिवाणू प्रत्येक घरात बसलेला नसतो, हे मला माहीत आहे. पण इसेन्शियल ऑइल घातलेल्या पाण्यात घातक जंतू तग धरून राहू शकतात, हे त्या बाटलीने दाखवलं. सुगंधी तेल म्हणजेच प्रिझर्व्हेटिव्ह, हा समज त्यानंतर तरी टिकायला नको होता.

तेव्हा पाणी असलेल्या स्प्रेला जिवाणू आणि बुरशी दोन्हींवर चालणारं प्रिझर्व्हेटिव्ह हवंच, उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात आणि पीएचमध्ये (द्रवाच्या आम्लतेच्या मापात). पॅराबेन्स हा प्रिझर्व्हेटिव्हचा प्रकार निवडत असाल तर एक अडचण आहे: पॉलिसॉर्बेट त्यांना मिसेलमध्ये ओढून घेतं आणि त्यांची ताकद घटते. व्हिटॅमिन ई या कामाचं नाही, ते तेल खवट होणं लांबवतं, जंतू मारत नाही. प्रिझर्व्हेटिव्ह मिळालं नाही तर दोन-तीन दिवसांत संपेल एवढाच स्प्रे करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि उरलेला फेकून द्या. घरात मांजर, पक्षी, दम्याचा रुग्ण किंवा तान्हं बाळ असेल तर मात्र सुगंधी स्प्रे न वापरणंच बरं. बाटलीत धागे, कण किंवा बुळबुळीत थर दिसला तर ती बाटली नळीसकट टाकून द्या. आणि वास अजून चांगला येतोय म्हणून पाणी ठीक आहे असं धरू नका, सुगंधी तेल बिघडलेल्या पाण्याचा वास सहज झाकतं.