आबासाहेब हरलेही होते आणि मंत्रीही होते

शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) दिवंगत आमदार गणपतराव देशमुख, म्हणजेच आबासाहेब, यांची जयंती-पुण्यतिथी आली किंवा निवडणुका तोंडावर आल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे आबासाहेब सलग 11 वेळा निवडून आले, एकदाही हरले नाहीत. जन्मभर विरोधी बाकांवर बसले, मंत्रिपदाला हात लावला नाही. एकाच मतदारसंघातून इतक्या वेळा निवडून येणारा देशात दुसरा आमदार नाही. एसटीने फिरले, घरातलं कुणी राजकारणात आणलं नाही. शेवटी आजच्या पुढाऱ्यांना चार शिव्या आणि ‘पुढे पाठवा’.

पाठवणाऱ्यांच्या मनात आबासाहेबांविषयी आदर असतो, तो माझ्याही मनात आहे. म्हणूनच हा मजकूर वाचून वाईट वाटतं. खऱ्या माणसाच्या जागी त्यात एक गुळगुळीत संत बसवला आहे.

‘सलग’ आणि ‘कधीच हरले नाहीत’ हे साफ चूक. 1962 आणि 1967 ला ते जिंकले, 1972 ला हरले. 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले आणि मग 1978, 1980, 1985, 1990 असे निवडून येत राहिले. 1995 ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना पाडलं, अवघ्या 192 मतांनी. 192 मतं म्हणजे एखाद्या वाडीचं मतदान. इतक्या थोडक्यात गेलेली जागा भल्याभल्यांच्या जिव्हारी लागते. कुणी पक्ष बदलतो, कुणी घरी बसतो. शेतकरी कामगार पक्षाची ताकद तर तोवर राज्यभर ओसरली होती आणि दुसरीकडे जायला वाटा भरपूर होत्या. आबासाहेब लाल बावटा घेऊन तिथेच राहिले. 1999 ला, सत्तरी ओलांडल्यावर, त्याच पक्षातून पुन्हा निवडून आले. पुढे 2004, 2009 आणि 2014 ही जिंकले. दोन पराभव गाळले की 11 विजय नुसता आकडा उरतो. 1995 ते 1999 या चार वर्षांत आमदारकी नसतानाही माणसं त्यांच्यापासून का तुटली नाहीत, हा खरा प्रश्न त्या मजकुरात येतच नाही.

‘मंत्रिपदाला हात लावला नाही’ हे तर सपशेल खोटं. 1977-78 मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. जुलै 1978 मध्ये वसंतदादांचं सरकार पडलं, शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचं सरकार आलं आणि त्यात गणपतराव मंत्री झाले. शेकाप त्या आघाडीचा घटक पक्ष होता. 1999 ला विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारातही ते मंत्री होते, पणन आणि रोजगार हमी ही खाती त्यांच्याकडे होती. 2002 मध्ये शेकापने त्या सरकारचा पाठिंबा काढून घेतला.

यात लपवण्यासारखं काय आहे? सांगोल्यासारख्या तालुक्यात 1972 च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली, रोजगार हमी ही त्यांच्या पोटापाण्याची गोष्ट. अशा तालुक्याचा आमदार ते खातं सांभाळतो, याचा अभिमान वाटायला हवा. सत्ता हातात घेतली म्हणजे माणूस बाटला, हा समज त्यांचा स्वतःचा असता तर त्यांनी शपथच घेतली नसती. सत्तेत गेल्यावर त्यांनी पक्ष सोडला नाही आणि पक्ष बाहेर पडला तेव्हा खुर्चीला चिकटून राहिले नाहीत. त्यांचं वेगळेपण इथे आहे.

विक्रमाचं थोडक्यात. केरळचे के. एम. माणी पाला या एकाच मतदारसंघातून 1965 ते 2016 दरम्यान 13 वेळा निवडून आले. 1965 ची विधानसभा बसलीच नाही, ती वगळली तरी 12 होतात. ओमन चांडी पुतुप्पळ्ळीतून 12 वेळा. करुणानिधीही 13 वेळा आमदार झाले, पण त्यांनी मतदारसंघ बदलले. ‘करुणानिधींचा विक्रम मोडला’ अशा बातम्या आपल्याकडे छापून आल्या होत्या, गोंधळ बहुधा तिथूनच सुरू झाला. महाराष्ट्रापुरतं बोललं तरी 11 हा आकडा थोर आहे, त्याला देशाचं शेपूट लावायची गरज नाही.

घराण्याबद्दल: 2019 ला वयामुळे ते स्वतः उभे राहिले नाहीत. शेकापची उमेदवारी त्यांचे नातू अनिकेत यांना मिळाली आणि ते 768 मतांनी हरले. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले. हे योग्य की अयोग्य यावर वाद घाला, पण ते घडलंच नाही असं लिहू नका.

एसटीचं मात्र खरं आहे. तरी आमदारांना एसटीचा प्रवास फुकट असतो आणि नुसत्या एसटीने फिरण्यावर कुणी पन्नासेक वर्षं निवडून येत नाही. लोकांनी मतं दिली ती कामाला, आणि त्या मजकुरात नेमकं कामच नाही. माण खोऱ्यातला हा पर्जन्यछायेतला तालुका. 1993 पासून आटपाडीत 13 दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. त्यात वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव एकत्र होते. नागनाथअण्णांचा वाळवा कृष्णाकाठचा, उसाचा. तरी ते दुष्काळी भागासाठी उभे राहिले. मागणी सरळ होती: कृष्णेचं पाणी वर उचलून आमच्या रानात द्या. टेंभू योजनेत कराडजवळ नदीचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने चढवत खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडे आणलं जातं. असल्या योजनेला दरवर्षी निधी लागतो, वीजबिल कोण भरणार हा वाद कायमचा असतो आणि दरवेळी कुणीतरी अधिवेशनात उभं राहून तोच विषय पुन्हा काढावा लागतो. हे कंटाळवाणं काम गणपतरावांनी वर्षानुवर्षं केलं, सत्तेत असताना आणि नसतानाही.

सूतगिरणीचंही तसंच. राज्यात कितीतरी सहकारी सूतगिरण्या कर्जात बुडाल्या, कुलपं लागली. सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी त्यांनी नीट चालवून दाखवली.

तेव्हा 30 जुलैला, त्यांच्या पुण्यतिथीला, तो मजकूर पुन्हा आला तर पुढे पाठवण्याआधी ‘सलग’ हा शब्द खोडा, मंत्रिपदाची ओळ दुरुस्त करा, विक्रमाची ओळ काढून टाका. रिकाम्या झालेल्या जागेत 192 मतं आणि पाणी परिषद लिहा.