आज्जीतला दुसरा ज

आज्जीला जाऊन आज वर्ष झालं. सकाळी तिचा फोटो टाकला, वर एवढंच लिहिलं, 'आज्जी, वर्ष झालं गं.' पाच मिनिटांत नात्यातल्या एका काकांचा मेसेज: 'आजी असे हवे. शुद्धलेखन तपासत जा.' बस्स. फोटोबद्दल चकार शब्द नाही.

तेव्हापासून डोकं सणकलंय.

कोशात आजी आहे, मला माहितीये हो. पाठ्यपुस्तकात, निमंत्रणपत्रिकेत आजीच छापा, माझी ना नाही. पण मी पत्रिका छापत नव्हते. हाक मारत होते.

आमची आज्जी अक्षरं शिकली ती म्हातारपणी, माझ्या पाटीवर. पुढे माझ्या प्रत्येक नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'सुखी रहा' लिहायची आणि खाली 'आज्जी'. जोडाक्षर काही केल्या जमायचं नाही, म्हणून आधी एक ज काढायची आणि त्याच्या पोटाखाली दुसरा, जरा बारका. मी एकदा म्हटलं, अगं एकच ज काढ, चालतं. तर म्हणाली, "मग ती मी नव्हे. ती पुस्तकातली."

आता शुद्धच बोलायचं तर घ्या. संस्कृतात आर्यिका (जैन साध्वींना अजूनही म्हणतात), प्राकृतात अज्जिआ, मराठीत आजी. सप्तचं सत्त आणि सत्तचं सात झालं, तशातलंच. एक ज गळला, त्याच्या बदल्यात अ लांबला. शेजारी कानडीत तर आजही अज्जीच आहे, तिथे जाऊन तपासा शुद्धलेखन! बरं, आमचा दुसरा ज थेट प्राकृतातून आलाय असा माझा दावा नाही. मोठ्याचा मोठ्ठा करतो तसा तो लाडाने आलाय. मग? लाडाला लाल शाई मारायची?

जिन्याखालून हाक मारून बघा एकदा. 'आजी' निसटून जाते. 'आज्जी'त जीभ क्षणभर टेकते, मग जोर लावून सुटते. मी शाळेतून आले की खालूनच ओरडायचे आणि वरून "आले गं" यायचं. दार उघडेपर्यंत तीनदा तरी.

असो. काकांवर जरा जास्तच भडकले. त्यांच्या लहानपणी हातावर छडी बसली असेल या एका ज पायी, कोण जाणे.

मघाशी जुनी वही काढली, तिने लिहिलेली शेवटची. हात फार थरथरायचा तेव्हा. आ चा काना लांब जाऊन पडलाय, वेलांटी राहूनच गेलीये. ज मात्र दोन्ही आहेत, एकाखाली एक.

पोस्ट बदलणार नाही. काका, फोटो बघा ना एकदा. हसलीये बघा कशी.