इंटरनेट नसलेला माणूस

आमच्या कार्यालयाच्या तांत्रिक साहाय्य विभागातील एका तरुणाने आज सकाळी, दुरून माझ्याच पडद्यावर माऊस फिरवीत, माझ्याकडे इंटरनेट नसल्याचे मला शांतपणे सांगितले, आणि तो राग अजून उतरलेला नाही. माझी मागणी क्षुल्लक होती. पडद्याच्या तळाशी असणाऱ्या टास्कबारच्या उजव्या टोकाला वायफायच्या खुणेऐवजी पृथ्वीचा गोल आणि त्यावर मनाईची खूण कायमची येऊन बसली होती. ती काढावी, नाहीतर निदान लपवावी, एवढेच.

“सर, तुमच्याकडे इंटरनेट नाहीये.”

“मग आपण बोलतोय कशावरून?”

माझ्या पडद्यावरचा बाण त्या गोलाभोवती घुटमळला. “ते मला सांगता येणार नाही, सर. पण इथे ‘नो इंटरनेट ॲक्सेस’ असं लिहिलेलं आहे.”

“माझा माऊस आत्ता तुम्ही हलवत आहात, हे तरी मान्य आहे ना?”

“हो, सर.”

“इंटरनेटवरून?”

“माझ्याकडे इंटरनेट आहे, सर.”

हे वाक्य त्याने इतक्या सौजन्याने उच्चारले की, स्वतःच्या वाट्यातले थोडे इंटरनेट त्याने माझ्या अडचणीच्या काळापुरते मला उसने दिले असावे, अशी क्षणभर माझीही समजूत झाली. त्यानंतर त्याने ‘इंटरनेट बंद’ अशी तक्रार नोंदवायला घेतली. इंटरनेट चालू असून केवळ चिन्ह चुकीचे आहे, असे मी बजावले, तेव्हा उत्तर आले, “तो प्रकार यादीत नाही, सर. इंटरनेट बंद असतं तर माझं काम सोपं झालं असतं.”

वास्तविक या चिन्हाची ज्ञानप्राप्तीची पद्धत फार तोकडी आहे. विंडोज एका ठरावीक पत्त्यावरून ‘कनेक्टटेस्ट’ नावाची छोटी मजकूर-फाइल मागवते, तिच्यात ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढेच शब्द असतात, आणि ते अपेक्षेप्रमाणे हाती न आल्यास जगाशी संपर्क तुटल्याचे जाहीर करू शकते. एका घराची कडी वाजवून पाहावी आणि दार उघडले नाही म्हणून सारे गाव ओस पडल्याची दवंडी पिटावी, तसला हा प्रकार आहे. माझ्या बाबतीत ती कडी वाजूच न देणारे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची ये-जा कार्यालयाच्या बंदिस्त वाटेने नेणारी व्यवस्था, याच तांत्रिक साहाय्य विभागाने बसवलेले आहे. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “ते सुरक्षेसाठी आहे, सर.” कोणाच्या, हे विचारण्याचे त्राण माझ्यात उरले नव्हते.

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत ही बाब किती सभ्यपणे हाताळलेली होती! दोन चिमुकले संगणक त्या कोपऱ्यात लुकलुकत, त्यावरून माहितीची देवाणघेवाण चालू आहे की थांबली आहे हे कळे, आणि ते नको असतील तर त्या जोडणीच्या गुणधर्मांत जाऊन एक खूण काढली की काम भागे. पुढे विंडोज ७ मध्ये लुकलुकणे गेले. विंडोज १० मध्ये निदान ते चिन्ह बंद करण्याची कळ तरी सेटिंग्जमध्ये होती. विंडोज ११ ने मात्र नेटवर्क, आवाज आणि बॅटरी या तिघांची एकच मोट बांधली. आवाज कमी करायला जावे तरी तोच चौकोन उघडतो, आणि त्यातल्या एकट्याला बाहेर काढण्याची सोय सेटिंग्जमध्ये ठेवलेली नाही. उपाय रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत मांडणीच्या नोंदवहीत आहे, तिथे ही चाचणीच बंद करता येते. परंतु कार्यालयाच्या संगणकावर रजिस्ट्रीला हात लावण्यासाठी परवानगी लागते, आणि ती देणाऱ्या विभागाच्या लेखी माझे इंटरनेट बंद आहे.

टास्कबारचा रंग मला बदलता येतो, त्यावरची बटणे मध्यभागातून डावीकडे सरकवता येतात, शिवाय घड्याळात सेकंददेखील दाखवता येतात. सेकंद मी लगेच चालू केले आहेत. तो गोल किती वेळ खोटे बोलत आहे, ते आता मला अचूक मोजता येते.