हिरा कोणी नेला, हे रेचलला ठाऊक होतं

रहस्यकथांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास फिरतं: 'डिटेक्टिव्ह कथेत प्लॉट हाच राजा, पात्रं म्हणजे नुसती प्यादी.' त्याला पुरवण्याही जोडलेल्या असतात. व्हिक्टोरियन काळात ही कथा जन्मली तेव्हापासून ती निव्वळ कोडंच आहे, गुन्हेगार कळला की पुस्तक रद्दीत, गुप्तहेर म्हणजे विचार करणारं यंत्र, आणि मासिकांच्या हप्त्यांपायी माणसं रंगवायला कुणाला सवडच नव्हती. ऐकायला चटपटीत आहे. पण मूळ पुस्तकं उघडली की यातलं फार थोडं टिकतं.

आधी प्याद्यांचं बघू. इंग्रज लेखक विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' ही कादंबरी १८६८ साली डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात क्रमशः आली. प्रस्तावनेत कॉलिन्स स्वच्छ सांगतो: आधीच्या काही कादंबऱ्यांत परिस्थितीचा स्वभावावर काय परिणाम होतो ते दाखवलं, इथे स्वभावाचा परिस्थितीवर काय होतो ते दाखवायचं आहे. अर्थात प्रस्तावनेत लेखक काहीही लिहितात, तेव्हा पुस्तकच तपासू. (इथून पुढे रहस्यभेद आहे. दीडशे वर्षं वाचायला मिळाली होती, आता माझ्यावर चिडू नका.)

१७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं तेव्हाच्या लुटीतला हिरा यॉर्कशायरमधल्या रेचल व्हेरिंडरला वाढदिवसाला मिळतो आणि त्याच रात्री तिच्या खोलीतून नाहीसा होतो. उचलणारा तिचा मावसभाऊ फ्रँकलिन ब्लेक. अफूच्या अमलाखाली त्यानं तो उचलला, आणि सकाळी त्याला त्याचा पत्ताही नाही. रेचलनं मात्र ते डोळ्यांनी पाहिलंय. ती गप्प बसते, कारण तिचा त्याच्यावर जीव आहे. ती बोलली असती तर कादंबरी दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावरच आटोपली असती. तिच्या जागी जरा बोलघेवडी, जरा कमी मानी मुलगी ठेवून पाहा, गूढ उरतच नाही.

अफू त्याच्या पोटात गेली कशी, तेही बघा. रेचलला वास आवडत नाही म्हणून त्यानं सिगार सोडलेत, त्यामुळे झोप उडालीय. जेवताना तो डॉक्टरी विद्येची टर उडवतो. डॉक्टर कँडी खट्याळ. याची चांगली जिरवायची म्हणून गुपचूप औषध पाजतो. एकाचं प्रेम, त्याचाच आगाऊपणा आणि दुसऱ्याचा दुखावलेला अहंकार: गुन्ह्याची अख्खी यंत्रणा एवढ्यावर चालते.

खरी गंमत पुढे आहे. घरचा म्हातारा कारभारी बेटरेज सुरुवातीच्या प्रकरणांतच रेचलचं वर्णन करतो. लहानपणी सवंगड्यानं केलेल्या खोडीची शिक्षा ही स्वतः भोगायची, नाव काही सांगायची नाही. पण खोटंही कधी बोलायची नाही. वाचक हे म्हाताऱ्याचं कौतुक समजून पान उलटतो. कादंबरीतला सर्वांत मोठा धागा तोच आहे आणि तो व्यक्तिचित्रात लपवलाय! सार्जंट कफसारखा नावाजलेला पोलीस रेचलच्या खोलीच्या दारावरचा पुसला गेलेला रंग अचूक वाचतो, आणि निष्कर्ष काढतो की लपवलेली कर्जं फेडायला रेचलनंच स्वतःचा हिरा दडवला. बड्या घरच्या मुलींची अशी प्रकरणं त्यानं पाहिलेली असतात. पुरावा बरोबर, माणूस चूक. बेटरेजला मुलगी कळते, पुरावा कळत नाही. दोघांच्या मधल्या फटीत अख्खी कादंबरी मावते.

लघुकथांतही हेच. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉइल याच्या 'रेड-हेडेड लीग'मध्ये (१८९१) जेबेझ विल्सन हा लाल केसांचा सावकार आहे. बँकेपर्यंत भुयार खणायला चोरांना त्याचं तळघर हवंय. त्यांचा माणूस अर्ध्या पगारावर नोकरीला येतो, आणि विल्सन 'का बाबा?' असं एकदाही विचारत नाही. चिकटपणानं त्याचे डोळे मिटलेत, हे चोरांनी आधीच हेरलंय.

गुन्हेगार कळल्यावर वाचण्यात काय उरतं? फ्रँकलिन पोलीस बोलावण्यासाठी सर्वांत जास्त धावपळ करतो आणि रेचल त्याच्यावर संतापते. पहिल्या वाचनात ती अपराधी वाटते. दुसऱ्यांदा वाचताना कळतं की तिच्या नजरेतून हा चोर आहे, आणि वर तोच पोलिसांना आणतोय! शब्द तेच, पण आता ते सहन होत नाहीत.

यंत्राची उपमा होम्सवरून आली. ती देतो त्याचा मित्र आणि कथा सांगणारा वॉटसन, 'अ स्कँडल इन बोहेमिया'च्या पहिल्याच परिच्छेदात. लोक तिथेच थांबतात बहुतेक. त्याच कथेत होम्स आगीची खोटी आवई उठवून आयरीन ॲडलर या बाईला, होम्सला हवा असलेला फोटो तिनं लपवलाय त्या जागेकडे धाव घ्यायला लावतो. डाव साधतो, पण बाई त्याला ओळखते, पुरुषाच्या वेशात त्याच्या दारापर्यंत मागे येते, त्याला नावानिशी 'गुड नाइट' म्हणते आणि सकाळी पसार. यंत्राचा पराभव हीच कथा आहे.

हप्त्यांबद्दल थोडक्यात. 'स्ट्रँड' मासिकासाठी डॉइलनं प्रत्येक अंकात पूर्ण होणारी कथा, पण नायक एकच, अशी योजना केली. म्हणजे अंक चुकला तरी वाचक तुटत नाही. बांधून ठेवणारा धागा होम्स हा माणूस होता. १८९३ साली डॉइलनं त्याला मारलं आणि वाचकांच्या हट्टापायी १९०३ साली जिवंत करावं लागलं. प्लॉटसाठी असा हट्ट कुणी धरत नाही.

मग हा समज आला कुठून? १९२०च्या दशकात रहस्यकथा खरंच नियमांचा खेळ झाली. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या लेखकानं तर रहस्यकथा कशी लिहावी याच्या दहा आज्ञाच छापल्या. नंतरचा हा चष्मा आपण मागच्या पिढीला लावतो. तक्रार अगदीच निराधार नाही, हेही खरं. त्याच काळातला कादंबरीकार ट्रोलप यानं आत्मचरित्रात कॉलिन्सच्या रचनेला दाद दिली, पण वाचताना त्या रचनेची चव तोंडातून जातच नाही असंही म्हटलं. अफूचा प्रयोग पुन्हा करून तीच रात्र घडवायची, हा 'मूनस्टोन'मधला भाग मलाही ओढूनताणून आणलेला वाटतो. आणि डॉइलच्या 'स्पेकल्ड बँड'मध्ये शिट्टीवर परतणारा, बशीतलं दूध पिणारा भारतीय साप आहे. नागपंचमीला दूध ठेवणाऱ्या आपल्यालाही तो पचायला जड जातो. तो जिच्या जिवावर सोडला जातो ती हेलन जवळजवळ प्यादंच आहे. तिच्याजागी दुसरी कुणी असती तरी साप त्याच दोरीवरून उतरला असता.