हाताची घडी आणि मॅग्नोलिया

आम्हा बागकाम्यांचे हात सतत शिवशिवत असतात, आणि पानगळी मॅग्नोलियाला, म्हणजे हिवाळ्यात पानं गाळणाऱ्या या फुलझाडाला, नेमकं तेच खपत नाही. दुर्लक्ष तो सोसतो, सेवा सोसत नाही, असं माझं ठाम मत आहे.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोल मात्र गोळ्याइतकाच. मुळं जाड, मांसल आणि ठिसूळ. मोकळी करायला बोटं घातली की कटकन मोडतात आणि सावरायला वेळ लावतात. म्हणून जागेवरून काय भांडायचं ते घरच्यांशी लावण्याआधीच भांडून घ्यावं. चार वर्षांनी “जरा डावीकडे सरकवूया का?” म्हणणाऱ्याला बागेत फिरकू देऊ नये. मुळं वरच्या थरातच पसरत असल्याने बुंध्याभोवती कुदळ-खुरपंही बंद. पालापाचोळ्याचं पाच-आठ सेंटिमीटर आच्छादन घालावं, तेही बुंध्याला न टेकवता. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) 5.5 ते 6.5 बरा, चुनखडीच्या मातीत लोह मिळेनासं होतं आणि शिरा हिरव्या राहून पानं पिवळी पडतात.

खरा छळ फुलांचा. कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात, हिवाळाभर लवेचा कोट घालून शहाण्यासारख्या बसतात आणि चार उबदार दिवस दिसले की कोट भिरकावून मोकळ्या. त्याच रात्री पारा शून्याखाली गेला की सकाळी फांदीफांदीवर तपकिरी, लिबलिबीत पाकळ्या लोंबतात. पूर्वेचं ऊन थेट येणारी जागा टाळावी; गोठलेली पाकळी झपाट्याने वितळली की जास्तच खराब होते. भिंतीच्या उबेतली जागाही फसवी, तिथे झाड आणखी लवकर उतावीळ होतं. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षोद्यानाने 1950च्या दशकात तयार केलेल्या ॲन, बेटी, सुझान, जेन या जाती साधारण दोन आठवडे उशिरा फुलतात. मी त्यांच्याच बाजूचा.

छाटणी फुलं ओसरल्यावर लगेच. हिवाळ्यात कात्री चालवणारा स्वतःचीच फुलं कापतो. जाड फांदी तोडली तर बदल्यात सरळसोट, निरुपयोगी फुटव्यांची फौज मिळते.

लहान बागेला तीनेक मीटरचा स्टेलाटा मॅग्नोलिया पुरे. तो कोवळ्या वयातच फुलतो. हिमालयातला कॅम्पबेली मॅग्नोलिया भव्य खरा, पण बियांपासून वाढवला तर पहिलं फूल यायला 25-30 वर्षं लागू शकतात. “कलमापेक्षा बी स्वस्त पडतं,” म्हणणाऱ्याला आधी वय विचारावं.