126 रुपयांची पगारवाढ

अंबडच्या एमआयडीसीत मी स्टोअरला सुपरवायझर आहे. पगारवाढीचं पत्र आम्हाला वर्षातून एकदा, एप्रिल उलटता उलटता मिळतं. आहे अर्ध्या पानाचंच. पण साहेब केबिनमध्ये बोलावून, दार लावून ते असं हातात ठेवतात, की वाटावं कंपनीची एखादी भिंत माझ्या नावावर झाली.

2023 च्या पत्रात सात टक्के होते. पगार 42 हजार, म्हणजे वाढ 2,940. त्याच संध्याकाळी घरच्यांना मिसळ खायला नेलं. (नाशिककर आनंदातही मिसळ खातो आणि दुःखातही, रश्श्याला निमित्त लागत नाही.) पापड तेवढाच, दही तेवढंच, फक्त भिंतीवरच्या फलकावर मिसळीच्या जुन्या भावावर स्टिकर डकवलेला. नखाने खरवडला, तर खाली दुसरा स्टिकर. त्याच्याखाली तिसरा.

"बाबा, पुरे. लोक बघतायत," मुलगी म्हणाली. ती बी.कॉम.ला आहे. तिने टिश्यू पेपर ओढला. "2022-23 ची महागाईची सरासरी 6.7 टक्के. सातातून वजा करा." पॉइंट तीन उरले. बेचाळीस हजारांवर 126 रुपये.

"खरं तर भागाकार करायचा असतो. मग 118 च येतात."

"वजाबाकीच राहू दे," मी म्हणालो. आठ रुपये कशाला सोडा?

साडू रेल्वेत आहेत. त्यांचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा ठरतो. तो कशावरून, हे त्यांनीच एकदा जिलेबी खाता खाता सांगितलं. लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतं. त्यासाठी देशातल्या 88 केंद्रांतून भाव गोळा होतात आणि त्यात आपलं नाशिकही आहे. म्हणजे बघा, निर्देशांक औद्योगिक कामगारांचा, भाव आमच्या बाजारातले, ते भाव पाहून घाम फुटतो आम्हाला, आणि भत्ता जातो साडूंना! मी हे बोलून दाखवलं. साडू म्हणाले, "मग तुम्ही जरा महाग घेत जा ना भाजी."

मध्ये एकदा टीव्हीवर बातमी आली, महागाई घटली. बायको बुधवारी पिशवी घेऊन उत्साहाने गोदाकाठच्या बाजारात गेली आणि तशीच फणफणत परत आली. महागाई घटली म्हणजे भाव उतरले नव्हेत, आता ते जरा हळू चढतात, असं मी समजावलं. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्यच मुळी चार टक्क्यांचं आहे, दोन ते सहा चालवून घेतात, हेही सांगितलं. "चढायचंच ठरलंय ना? मग घटली कशाला म्हणतात?" ती म्हणाली. उत्तर माझ्याकडे नव्हतं. रिझर्व्ह बँकेकडे असेल. नोटा इथेच, नाशिकरोडला छापतात. पण त्या मला ओळख दाखवत नाहीत.

पुढच्याच रविवारी भांडी घासणाऱ्या मावशींनी पदराला हात पुसत विषय काढला. "दादा, पंधराशेचे सतराशे करा."

मी सावरून बसलो. सध्या बाजार मंद आहे, सगळ्यांनीच समजून घ्यायला हवं, पुढच्या वर्षी नक्की विचार करू. साहेबांचं अख्खं भाषण मला पाठ निघालं. वर म्हटलं, "सात टक्के देतो."

"सात टक्के म्हणजे किती?"

"एकशे पाच."

"टक्के तुम्हालाच राहू द्या. मला दोनशे द्या. नाहीतर उद्यापासून तुम्ही घासा."

मोरीत कढई पालथी पडली होती. तळ काळाकुट्ट. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी कढईकडे, आणि सतराशे ठरले.

मुलगी कॅल्क्युलेटर शोधायला लागली. म्हटलं, "राहू दे. एकशे सव्वीसमधून दोनशे गेले, एवढं मला तोंडी येतं."