‘पेन ड्राइव्हच तर लावायचाय’ म्हणणाऱ्यांनो, जरा ऐका

डीजेला साउंड चेक (कार्यक्रमाआधी आवाज तपासून घेणं) कशाला हवा, हा प्रश्न विचारणं आता खरंच बंद करा. डोकं फिरतं. मुंबई-पुण्यातल्या लाइव्ह म्युझिक ठेवणाऱ्या बऱ्याच क्लबांचा आठवडा साधारण असा असतो: बुधवारी गिटार घेऊन एकटा गाणारा कलाकार, गुरुवारी दोन इंडी बँड आणि त्यांच्या मध्ये व नंतर डीजे, शुक्रवारी हाउस-टेक्नो, शनिवारी बॉलिवूड, रविवारी गच्चीवर संध्याकाळचा सेट. स्टेज तेच, साउंड तोच, इंजिनीअरही बहुतेक वेळा एकच. या सगळ्यात डीजेच्या साउंड चेकसाठी राखलेला वेळ शून्य मिनिटं. बँडला दुपारी चारला बोलावतात, डीजेला रात्री नऊला. मग साडेदहाला आवाज फाटला की मॅनेजरपासून बारवाल्यापर्यंत सगळे खापर फोडतात ते डीजेच्या डोक्यावर.

गुरुवारचंच घ्या, कारण खरी वाट तिथे लागते. चार जणांचा बँड म्हटला तरी मिक्सरवरचे सोळा चॅनल (प्रत्येक माइक-वाद्याची वेगळी वाट) सहज भरतात. ड्रमचे किक, स्नेअर, हाय-हॅट, तीन टॉम, ड्रमच्या वर लावलेले दोन ओव्हरहेड माइक, बेसचा डीआय (वाद्य थेट मिक्सरला जोडणारा छोटा डबा), दोन गिटार अँप, कीबोर्डचे दोन, गाण्याचे तीन माइक. झाला स्टेजबॉक्स (स्टेजवरच्या केबल जिथे लागतात तो डबा) फुल्ल. डीजे मिक्सरच्या दोन केबल कुठे जाणार, हा विचार पहिला बँड उतरल्यावर सुरू होतो! मग कुणीतरी घाईत गाण्याच्या माइकची केबल उपटतो आणि डीजे मिक्सरच्या मास्टर आउटला, म्हणजे मुख्य आवाज बाहेर येतो तिथे, जोडतो. त्या चॅनलचा गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते) माइकसाठी तीस-चाळीस डीबी वर ठेवलेला असतो आणि डीजे मिक्सरमधून येते लाइन लेव्हल, म्हणजे कितीतरी जोरकस सिग्नल. पहिल्या किकलाच प्रीअँप फाटतो. त्याहून वाईट म्हणजे ओव्हरहेडची केबल हाती लागली असेल, तर कंडेन्सर माइकसाठी दिलेले ४८ व्होल्ट त्या चॅनलवर तसेच चालू असतात. पायोनिअरच्या डीजेएम मिक्सरच्या माहितीपुस्तिकेत बजावून सांगितलंय की फँटम पॉवर, म्हणजे हेच ४८ व्होल्ट, देणाऱ्या टर्मिनलला मास्टर आउट जोडू नका. वाचतं कोण?

यावर करायचं काय, तर दोन चॅनल दुपारीच डीजेच्या नावाने राखून ठेवायचे. लाइन इनपुट असेल तर तोच वापरायचा, नसेल तर पॅड (सिग्नल कमी करणारं बटण) दाबायचा किंवा मध्ये स्टिरिओ डीआय टाकायचा. फँटम बंद. डावा-उजवा दोन्ही जोडायचे आणि दोन्हींतून आवाज येतोय ना, हे ऐकून बघायचं. छोट्या जागांत साउंड मोनो चालतो म्हणून नुसती डावी केबल जोडून मोकळे होतात, आणि मग निम्मं गाणं ऐकूच येत नाही. उजवीकडे ठेवलेला सिंथ, टाळ्या, कोरस, सगळं गायब. हे सगळं तपासायला दहा मिनिटं पुरतात, पण ती हॉल रिकामा असताना मिळायला हवीत.

आता बेस. लाइव्हसाठी बरेच इंजिनीअर सबवूफर (फक्त खालचा बेस वाजवणारे स्पीकर) वेगळ्या ऑक्सवर (मिक्सरमधून निघणाऱ्या वेगळ्या वाटेवर) चालवतात, म्हणजे किक, बेस आणि कीबोर्ड तेवढे सबमध्ये जातात आणि गाण्याच्या माइकमधली धडधड जात नाही. पद्धत उत्तम आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण डीजेच्या चॅनलचा त्या ऑक्सला जाणारा सेंड शून्यावर राहिला, तर सबमध्ये काहीच पोचत नाही. त्यातून त्या चॅनलवर गायकासाठी लावलेला १०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) काढलेला नसतो. डान्स फ्लोअरवर छातीत जाणवते ती किक असते ४० ते ८० हर्ट्झच्या आसपास, आणि नेमकी तीच कापलेली. लोक नाचायचे थांबतात. मॅनेजर खालून हात वर-वर करून ‘वाढव, वाढव’ सांगतो. डीजे लो (बेसचं बटण) पिळतो, मास्टर वर नेतो, मीटर लाल होतो, आणि बेस न येता नुसता कचकचाट वाढतो. लालमध्ये वाजवायची सवय असलेले डीजेही आहेत, आणि त्यांचाही तितकाच राग येतो, कारण त्यांच्यामुळे सगळी जमात बदनाम होते. पण सबमध्ये सिग्नलच जात नसेल तर तो दोष बूथमध्ये, म्हणजे डीजे उभा असतो तिथे, शोधून सापडणार नाही.

दुसरा बँड चढताना होणारी गंमत तर अजिबात गंमत नाही. डिजिटल मिक्सरवर, एक्स३२ म्हणा किंवा एम३२, प्रत्येक बँडचा सीन, म्हणजे सगळ्या सेटिंग्जचा संच, सेव्ह केलेला असतो. बँड तारा जुळवत असतो, डीजे मध्यंतरात वाजवत असतो, आणि इंजिनीअर दुसऱ्या बँडचा सीन लोड करतो. त्या सीनमध्ये डीजेचे चॅनल म्यूट! भरल्या हॉलमध्ये गाणं कडव्याच्या मध्यात तुटतं. डीजेच्या दोन चॅनलना रिकॉल सेफ लावा. एकदा लावलं की सीन कितीही बदला, त्या चॅनलना धक्का लागत नाही.

मॉनिटरवर, म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःला ऐकण्यासाठीच्या स्पीकरवर, तर कितीही बोललं तरी कमीच. ‘समोर एवढा मोठा साउंड आहे, तुला वेगळा मॉनिटर कशाला?’ कशाला ते सांगतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळपास तीन मिलिसेकंद. मेन स्पीकर बूथपासून आठ मीटरवर असेल तर आवाज तेवीस मिलिसेकंद उशिरा पोचतो. बहुतेक वेळा बूथ स्पीकरच्या मागे असतो, म्हणजे थेट आवाज नाहीच. ऐकू येतो तो पंधरा मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत आलेला, जवळपास नव्वद मिलिसेकंद जुना. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) एक बीट ४६९ मिलिसेकंदांचा असतो, तेव्हा नव्वद म्हणजे बीटचा जवळजवळ पाचवा हिस्सा. हेडफोनमध्ये पुढचा ट्रॅक आत्ताचा आणि कानावर हॉल मागचा, मग बीट कशाशी जुळवायचा? मग मिक्स घोडे दौडल्यासारखा वाजतो आणि लोक म्हणतात डीजे कच्चा आहे. बूथ आउटमधून निघालेला, डोक्याच्या उंचीचा, हाताच्या अंतरावरचा एक तरी स्पीकर लागतो. बँडच्या गायकाचा जमिनीवरचा वेज (तिरका मॉनिटर) गुडघ्यांना ऐकू जातो, कानांना नाही.

आणि टेबल! केटरिंगचं घडीचं टेबल, वर सॅटिनचा कपडा. उंची जेमतेम अडीच फूट, चार तास वाकून वाजवा. तीन-सव्वातीन फूट उंचीचं, न हलणारं काहीतरी द्या. एखादा व्हायनलवाला (तबकड्या वाजवणारा) टर्नटेबल घेऊन आला तर हे टेबल, शेजारी ड्रम आणि स्टेजखाली सब ठेवून तुम्ही त्याच्या सेटची वाट लावलीच म्हणून समजा. सबचा हादरा टेबलातून सुईत जातो, सुईतून परत सबमध्ये, आणि जो घुमारा चढतो तो आवाज खाली घेईपर्यंत थांबत नाही. टर्नटेबलखाली फरशीचा जड तुकडा आणि त्याच्याखाली रबर, सब बूथपासून लांब, आणि ग्राउंडची बारीक वायर मिक्सरला घट्ट जोडलेली. ती वायर सुटली की हम, म्हणजे सततची गुणगुण, आलाच.

लाइन साफ नसेल तर हम सीडीजेवरही (डीजेच्या डिजिटल प्लेअरवरही) येतो. लाइटचे डिमर, बारचा फ्रीज आणि डीजे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावले की पन्नास हर्ट्झची गुणगुण रात्रभर. त्यावर कुणी प्लगची अर्थची पिन तोडायला निघाला तर त्याचा हात धरा, त्यात जीव जाऊ शकतो. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण त्यासाठीच असतं. वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला की मधल्या दोन सेकंदांत प्लेअर बंद पडतात, परत उठायला आणि पेन ड्राइव्ह वाचायला वेळ घेतात, तोवर हॉल शांत. दोन प्लेअर आणि एक मिक्सर मिळून दीडशे वॅटही खात नाहीत. कॉम्प्युटरला लावतात तसा साधा ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. लाखाची लाइटिंग करणाऱ्यांना तेवढा यूपीएस परवडत नाही?

शुक्रवारी नवंच. मेसेजमध्ये कबूल केलेले असतात सीडीजे-३०००, टेबलावर असतात जुने २०००, तेही त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या लॅन केबलशिवाय. त्या जुन्या मशीनवर फ्लॅक फाइल वाजत नाही, एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला ड्राइव्ह उघडत नाही, आणि केबल नसल्यामुळे एका ड्राइव्हवर दोन्ही प्लेअर चालत नाहीत. डीजेंनी फॅट३२ केलेले दोन ड्राइव्ह आणि एमपी३ किंवा एआयएफएफ फाइल जवळ बाळगावेतच. पण मॉडेल बदललं तर दुपारी कळवायला एक मेसेज पुरतो. शनिवारबद्दल एकच: मिक्सरवर ग्लास ठेवू देऊ नका. फेडरमध्ये (आवाजाच्या सरकत्या बटणात) गेलेली बिअर सुकून चिकटते आणि पुढच्या गुरुवारी दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज खरखरतो.

रविवारी गच्ची. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. वर्षातल्या पंधरा दिवसांपर्यंतची बारा वाजेपर्यंतची सवलत सण-उत्सवांसाठी सरकार देतं, तुमच्या रविवारच्या पार्टीसाठी नाही. तरी पोस्टरवर ११ छापता, आधीच्या बँडला अर्धा तास जास्त वाजवू देता, आणि पावणेदहाला येऊन डीजेला सांगता, ‘शेवटचं गाणं घे.’ दोन तासांचा सेट अर्ध्या तासात, आणि मानधनातूनही कापायची भाषा. वेळ बँडने खाल्ला, पोस्टर तुम्ही चुकवलं, पैसे डीजेने का सोडायचे? दहापासून उलटं मोजून वेळापत्रक करा, बँडचा शेवट लिहून ठेवा, आणि पोस्टरवर १० छापा.